पडद्यावरचा गोकुळ

पळसदेवच्या मंगल कार्यालयात पाय ठेवायला जागा नव्हती. गोकुळचं वर्षश्राद्ध होतं, पण जेवणाकडं कुणाचंच लक्ष नव्हतं. सगळ्यांच्या माना पडद्याकडं. पडद्यावर गोकुळचा हसरा फोटो आला, त्यावर पांढऱ्या ठिणग्या उडाल्या, पडदा काळाठिक्कर पडला आणि जरा वेळानं फोटो आपोआप परत आला.

"आला! माझा लेक आला!" गोकुळची आई प्रयागबाई हात जोडून रडू लागल्या.

गोकुळची बायको वृषाली सुन्न बसली होती. उजनी धरणाच्या पाण्यात होडी उलटून गोकुळ गेला, तेव्हापासून ती सासूजवळच होती. आता बारामतीच्या एका दवाखान्यात नोकरी मिळाली होती. सोमवारी लेकीला घेऊन निघायचं होतं.

श्राद्धाला बोलावलेले तात्याबा महाराज दंड उंचावून उठले. "ठिणग्या न्हाईत त्या, आसवं हायती आसवं! सून घर सोडून निघाली म्हनून आत्मा तळमळतोय. तिला हितंच ऱ्हाऊ द्या. दर अमुशाला म्या त्याला पडद्यावर बोलावतो!"

"ऐकलंस न्हवं? तू न्हाय जायचं," प्रयागबाई म्हणाल्या.

वृषालीला बोलायचं होतं. पण फोटो तिच्याही डोळ्यांदेखत जात-येत होता. खरंच रुसला असेल का, असं क्षणभर तिलाही वाटून गेलं.

शेजारी तिची माहेरची, कऱ्हाटीची बालमैत्रीण स्वरूपा बसली होती. ती इंदापूरला कॉलेजात फिजिक्स शिकवते. "थांब जरा," म्हणत ती स्टेजवरच्या लॅपटॉपकडं गेली.

"महाराज, या लॅपटॉपवर तुमचा एक फोटो काढू?"

महाराजांनी फेटा सारखा केला. त्यांचा फोटो पडद्यावर झळकला. ठिणग्या उडाल्या. महाराज गायब झाले, आणि परत आले.

"आरं, महाराज तर जित्तं हायती की!" मागून कुणीतरी ओरडलं. हशा पिकला.

"आत्मा कुणाचंबी रूप घेतो!" महाराज गरजले.

स्वरूपानं वर बोट दाखवलं. "लॅपटॉप इथं, प्रोजेक्टर पार तिकडं छताला. मधली केबल लांबलचक आणि साधी. त्यात लॅपटॉपवर सगळ्यात मोठं रिझोल्यूशन लावलंय, फोर-के, म्हणजे चित्राचे लाखो ठिपके. एवढी माहिती एवढ्या लांब धड पोचत नाही. थोडी गळाली की ठिणग्या, जास्त गळाली की अंधार. मग प्रोजेक्टर सिग्नल परत पकडतो, आणि चित्र येतं."

तिनं रिझोल्यूशन कमी केलं. गोकुळ स्थिर हसत राहिला. वाढवलं, ठिणग्या उडाल्या. मग तिनं गावातल्या आबासाहेबांच्या हातात माऊस दिला. त्यांनी गोकुळला दोनदा घालवलं, दोनदा आणलं. शेवटी लॅपटॉप शिडीवरून प्रोजेक्टरपाशी नेऊन हातभर केबलनं जोडला. तेच फोर-के, पण एक ठिणगी उडाली नाही.

महाराज फेटा सावरत मागच्या दारानं कधी निघून गेले, कुणाला कळलं नाही.

माणसं हसत होती. प्रयागबाई मात्र पडद्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या. लेकाच्या गालावर हात ठेवला, तर फोटो त्यांच्या हातावरच उमटला.

"मंग त्यो हितं न्हाईच का गं?"

त्यांनी स्वरूपाला विचारलं. वृषाली पुढं झाली. "न्हाई, आत्या. फोटू हाय नुस्ता."

"मंग कशाला दाखवलंसा? जरा तरी येत हुता की."

वृषालीनं त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला.

सोमवारी वृषाली बारामतीला गेली. प्रयागबाई दारापर्यंतसुद्धा आल्या नाहीत. एसटीत लेकीनं विचारलं, "आजी रुसली?" वृषालीनं तिला जवळ घेतलं.

खरं कळलं म्हणून दुःख हलकं होत नाही. त्यावर केबल बदलण्याइतका सोपा उपाय नाही. पण आपल्या गेलेल्या माणसाच्या तोंडून दुसराच कुणी आपल्याला हुकूम सोडू लागला, तर रडता रडता एवढं तरी त्याला म्हणावं: थांबा, हे पुन्हा करून दाखवा. आणि आम्हालाही करून बघू द्या.