मूठभर मीठ

जाळीखालच्या स्विचला तांब्याच्या तारेचे तीन वेढे होते. जाळी उघडली की यंत्र बंद पाडायचं, हे त्या स्विचचं काम. तारेमुळे तो दाबलेलाच राही आणि जाळी उघडली तरी यंत्र फिरत राही.

सोलापुरातल्या आमच्या कारखान्यात ट्रकवर बसवायची मीठ पसरणारी यंत्रं बनतात. बर्फ पडतो तिथल्या डोंगरी रस्त्यांवरचा बर्फ मिठाने वितळवायला ती जातात. शेवटची चाचणी आणि सही माझी. आमचे जुने फिटर कल्लप्पामामा प्रत्येक नव्या यंत्राची दृष्ट काढतात आणि ओवाळलेलं मूठभर मीठ आतल्या फिरत्या स्क्रूवर टाकतात. तार त्यासाठीच होती. मला हे चार महिने माहीत होतं. पण काम मला मामांनीच शिकवलं होतं, म्हणून मी गप्प होते.

"डोंगरातली नजर लई वाईट असती, मॅडम," आजही ते हसत म्हणाले आणि त्यांनी मूठ आत नेली.

स्क्रूने हातमोजा ओढला. मी लाल बटण दाबलं. यंत्र थांबलं तेव्हा मामा जमिनीवर बसले होते. मी त्यांची बोटं मोजली. पाच. पुन्हा मोजली. हातमोजा सैल होता, म्हणून तेवढाच आत गेला होता.

"हातमोज्यालाच लागली की हो दृष्ट," मामा म्हणाले. त्यांचे ओठ पांढरे पडले होते.

मग मी म्हणाले,

"मामा, यापुढे चालू यंत्रात तुमचा हात गेला, तर त्या यंत्रावर मी सही करणार नाही."