पडद्यावर दिसलेला हात

देवरीच्या आमच्या रुग्णालयात पूर्वी दर गुरुवारी गोंदियाहून त्वचारोगाचे डॉक्टर यायचे. ते निवृत्त झाले आणि २०११ मध्ये त्यांच्या खोलीत कॅमेरा आणि पडदा आला. आता नागपूरचे डॉक्टर तुरकर पडद्यावरून बघत, आणि हात लावायचं काम ड्यूटीवरच्या डॉक्टरचं, म्हणजे माझं.

रुख्माबाई मुलीला, चंदाला, घेऊन आल्या. चंदाच्या डाव्या कोपराखाली फिकट डाग होता. पुढच्या आठवड्यात तिचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा. कामठ्याहून येणाऱ्या सासरच्या बायका बांगड्या भरायला तोच हात हातात घेणार होत्या.

"टीव्हीतला डाक्टर हात कसा लावन जी?"

"हात मी लावते, ते बघतात."

"मंग तुमीच सांगून टाका न, महारोग नाही म्हनून."

"तपासल्याशिवाय नाही सांगता येत. आणि असला तरी गोळ्यांनी बरा होतो."

"तो बरा होते. तुटलेली सोयरीक बरी होते का?"

महारोगाच्या डागाला बहुधा स्पर्श कळत नाही. मी चंदाला डोळे मिटायला सांगितलं. कापूस टेकला की 'हो' म्हणायचं. रुख्माबाई तिचा उजवा हात धरून शेजारी बसल्या. कापूस टेकला, "हो." पुन्हा टेकला, "हो." एकदाही चुकली नाही. मला हायसं वाटलं.

"थांबा मॅडम," तुरकर म्हणाले. "तुमचं लक्ष कापसाकडे आहे, मला तिघी दिसताहेत. मावशी, पोरीचा हात काऊन दाबून राहिल्या दर वेळी?"

रुख्माबाईंनी हात सोडला.

"चंदा, तुला कापूस कळत होता की आईचा हात?" मी विचारलं.

"आता काय सांगू, मॅडम? दोन्ही संगच होत होतं. मले वाटलं, माय भेवून राह्यली."

रुख्माबाईंना बाहेर बसवलं. दार अर्धवट उघडं राहिलं. या वेळी चंदानं डोळे मिटूनच बोटानं जागा दाखवायची होती, आणि मधूनच एखाद्या वेळी कापूस न टेकवता नुसताच धरा, असंही तुरकरांनी मला सांगितलं.

"इथं," चंदा म्हणाली. मग, "इथं." बोट बरोबर डागावर.

नंतर मी कापूस नुसता हवेत धरला. चंदा गप्प.

"अवो, बोल न वो!" बाहेरून रुख्माबाई ओरडल्या.

"काय बोलू, माय? मॅडमनं लावलाच कुठं अजून!"

पडद्यावर तुरकर मोठ्यानं हसले.

महारोगात कोपरामागची नस जाड होते; ती मी चाचपली, जाड नव्हती. काचपट्टीच्या कडेनं डाग हलकेच खरवडला, तसा बारीक कोंडा सुटला. तो मी कॅमेऱ्यासमोर धरला.

"शिबं आहे, साधी बुरशी. महारोग नाही," तुरकर म्हणाले. "मलम लावा. रंग यायला मात्र महिने लागतील. साक्षगंधाला कोणी विचारलं तर शिबं आहे म्हणून सांगा. खरं तेच आहे."

रुख्माबाई आत आल्या. डोक्यावर पदर घेऊन त्यांनी पडद्याला हात जोडले आणि चंदाजवळ नुसत्याच उभ्या राहिल्या. हात कुठं ठेवावा ते त्यांना कळत नव्हतं.

चंदानं आपला हात पुढे केला. "घे माय. आता दाब किती दाबतेस ते."