स्मृतीनं सांगितलेली शर्यत

“कोण पुढं आहे?” अप्पासाहेबांनी विचारलं.

“बूट पुढं आहे,” गिरीराज म्हणाला. “जाहिरात चालू आहे अप्पा. तुमच्या बायकांना अजून अवकाश आहे.”

अप्पासाहेब हसले. बेंगळूरच्या चामराजपेटेतल्या त्या घरात टीव्हीसमोरची खुर्ची त्यांची होती, आणि गेल्या वर्षापासून टीव्हीत काय चाललंय ते सांगायचं काम थोरल्या मुलाचं, गिरीराजचं होतं. अप्पासाहेबांच्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग निकामी झाला होता. जिकडे बघावं तिथं मधोमध करडा डाग यायचा. कडेचं मात्र दिसायचं: भिंत, कॅलेंडर, स्वयंपाकघराचं दार. ज्याच्यावर नजर ठेवावी तेच नेमकं नाहीसं व्हायचं. आता यात सुधारणा नाही, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं.

आज जागतिक मैदानी स्पर्धेत बायकांची पंधराशे मीटरची अंतिम शर्यत होती. गिरीराज सांगत होता, पण त्याच्या पद्धतीनं.

“ही पांढऱ्या कपड्यातली. हिच्या देशावर बंदी, म्हणून झेंडा नाही. तिच्या शेजारची दुसऱ्याच देशात जन्मलेली, पैसे मिळाले तसा देश बदलला. बाकीच्यांत किती जणी औषध घेतात देव जाणे. सगळा धंदा आहे अप्पा. कंपन्या कमावतात, देश भांडतात, आणि आपण इथं बसून टाळ्या वाजवायच्या.”

“ठाऊक आहे रे,” अप्पासाहेब म्हणाले. “मार्केटात जन्मभर वजनकाटे दुरुस्त केले मी. खोटं वजन कशाला म्हणतात ते मला नको शिकवू.”

“मग बघता कशाला?”

“औषध घेतलेलीचेसुद्धा पाय दुखतातच की.”

आतून भांड्यांचा आवाज थांबला आणि पुन्हा सुरू झाला. आत स्मृती होती. ती होसकोट्याच्या एका कारखान्यात तयार मालाची तपासणी करायची आणि महिन्यातला एखादा रविवार वडिलांकडे काढायची. क्रिकेट लागलं तर ती बसायची, मालिका लागली तरी बसायची. पळायच्या शर्यती लागल्या की तिला आत काम निघायचं. का, ते घरात सगळ्यांना माहीत होतं. बोलत कुणी नव्हतं.

ती स्वतः पंधराशे मीटर पळायची. आशियाई ज्युनियर स्पर्धेच्या निवड चाचणीला तिला दिल्लीहून बोलावणं आलं, आणि नेमकं त्याच दिवशी गिरीराजचं लग्न निघालं. बेंगळूरच्या या जुन्या मराठा घरांत जेवणावळीपासून दागिन्यांपर्यंत पुष्कळसं कन्नड रीतीचं झालं आहे. पण नवऱ्या मुलामागे करवली उभी राहते, आणि तिच्या हातात नारळ ठेवलेला करा असतो, यात बदल नाही. सख्खी बहीण असताना दुसरीनं करा धरायचा म्हणजे सोयऱ्यांनी वर्षभर चघळायला विषय. चुलत बहीण भव्या तयार होती. स्मृतीचे कोच घरी येऊन कॉफी न घेता तासभर बोलून गेले. अप्पासाहेब म्हणाले, “शर्यती पुन्हा येतील. भावाचं लग्न एकदाच.”

स्मृती करा घेऊन उभी राहिली. सगळ्या फोटोंत आहे. पुढच्या वर्षी ती ज्युनियरच्या वयात बसत नव्हती. मोठ्या गटात उतर, असं कोच म्हणाले. ती मैदानावर गेली नाही. अप्पासाहेबांनीही तिला एकदाही जा म्हटलं नाही. स्वतः मात्र टीव्हीवर एकही स्पर्धा चुकवली नाही. एकदा, लग्न होऊन सासरी गेल्यावर, ती बोलता बोलता म्हणाली होती, “तुम्हाला दुसऱ्यांच्या मुली पळताना आवडतात अप्पा.” तिनं ते हसत म्हटलं होतं. तेव्हापासून त्यांनी एक वाक्य मनात तयार ठेवलं होतं. तिनं एक शर्यत आपल्या शेजारी बसून बघावी, आणि ती संपली की ते वाक्य बोलावं. पण ती बसायचीच नाही.

गिरीराजचा फोन वाजला. मार्केटातल्या एका धान्यवाल्याचा काटा बंद पडला होता; अप्पासाहेबांचं ते काम आता तोच बघायचा.

“सरी, सरी, बंदे,” आलोच, असं फोनवर कन्नडमध्ये सांगून त्यानं आत हाक मारली. “स्मृती, मी जाऊन येतो. अप्पांना स्वल्प सांग की.”

“मला नाही जमायचं अण्णा.”

“जमायचं काय त्यात? दिसतं ते बोलायचं. मी नाही का बोलत?”

“तू राजकारण बोलतोस.”

“मग तू पळणं बोल,” असं म्हणून त्यानं चपला घातल्या. आपण काय बोललो ते बहुधा त्याला जिन्यात उमगलं असावं. पावलं क्षणभर थांबली आणि मग उतरून गेली.

स्मृती दारात येऊन उभी राहिली. बसली नाही.

“अण्णाचं काय चुकलं?” ती म्हणाली. “धंदाच आहे. का बघता तुम्ही?”

अप्पासाहेबांनी विचार केला. “एकदा पिस्तूल वाजलं की तिला कुणी अडवू शकत नाही. मंत्री नाही, कंपनी नाही. तेवढा वेळ तिचा.”

“अडवणारे आधीच अडवतात अप्पा.”

टीव्हीत मैदान एकदम शांत झालं. पिस्तूल वाजलं.

“निघाल्या,” स्मृती म्हणाली. आवाज कोरडा होता, स्टेशनवर गाडीची सूचना द्यावी तसा. “सगळ्या एकत्र आहेत. पांढरी पुढं.”

“वेग कसा आहे?”

“संथ. मुद्दाम. वारं अंगावर घ्यायला कुणी तयार नाही.” ती थांबली. “हिरवी आतल्या कडेला आहे. चुकतेय. कोंडून घालतील तिला.”

“कशी?”

“पुढं एक, बाहेरून एक. जाणार कुठं? आत्ताच बाहेर यायला हवं... बाहेर ये की. ये.”

अप्पासाहेबांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. वर्षभर गिरीराजनं सांगितलेल्या शर्यतींत त्यांना फक्त निकाल कळले होते. आज त्यांना गर्दी कळत होती, कोपर लागलेलं कळत होतं.

“पांढरीचे खांदे वर आलेत. दमलीय ती, दाखवत नाही. निळी तिच्या मागं नुसती बसून आहे, शहाणी.” शब्द आता तुटक येत होते, मध्ये श्वास येत होता. “घंटा. शेवटचा फेरा. निळी सुटली. हिरवीला वाट... मिळाली. बाहेरून येतेय. लांब पडतंय तिला, पण येतेय. हात खाली ठेव. हात...”

आणि तिचं बोलणं थांबलं.

मैदानातला गलका चढत गेला. अप्पासाहेब वाट बघत राहिले.

“काय झालं? कुठवर आली?”

त्यांचं तोंड टीव्हीकडे होतं. टीव्हीच्या जागी करडा डाग होता. पण उजवीकडे, नजरेच्या अगदी काठावर, दार दिसत होतं आणि दारात स्मृती. ओढणी कमरेला खोचलेली. गुडघे किंचित वाकलेले. टाचा जमिनीवरून उचललेल्या. ओले हात कोपरात मुडपून शरीराशी धरलेले, आणि ते हलत होते. फार नाही, थोडेसे, पुढे-मागे.

ते वाक्य त्यांच्या ओठांवर आलं. भव्यानं करा धरला असता तरी चाललं असतं, एवढंच होतं ते. बोलण्यासाठी त्यांनी मान तिच्याकडे वळवली, तशी ती डागात गेली.

टीव्हीतला गलका टिपेला पोहोचला होता. कोण जिंकत होतं त्यांना कळलं नाही. त्यांनी मान हळूच पुन्हा होती तिथं आणली. काठावर ती परत दिसू लागली. अप्पासाहेब श्वास धरून, काही दिसत नसलेल्या पडद्याकडे तोंड करून, न हलता बसून राहिले.