मुंबई ते न्यूयॉर्क, माझ्या डोक्यावरून

मित्रांनो, मी एक जुना पृथ्वीगोल आहे आणि सध्या भलताच खुशीत आहे. पुठ्ठ्याच्या दोन वाट्या चिकटवल्या, वर रंगीत कागद डकवला, झालो मी पृथ्वी. तारापूरच्या शाळेत आलो तेव्हा मला फिरवायला मुलं भांडायची. मग वर्गात मोठा पडदा आला आणि मी कपाटावर गेलो. ऑस्ट्रेलियात पाल राहू लागली. यंदा तर ज्ञानेश सरांनी मला भंगारात काढलं.

तेवढ्यात पालघरच्या विज्ञान प्रदर्शनासाठी वर्गातून एकाला निवडायची वेळ आली. प्रश्न होता, मुंबई ते न्यूयॉर्क विमान किती अंतर कापतं? अणुवीज केंद्राच्या कॉलनीतल्या प्रणवने भिंतीवरच्या नकाशाला पट्टी लावली. उत्तर आलं सोळा हजार किलोमीटरच्या वर. दांडी गावच्या कोळीवाड्यातल्या समिधाने मात्र मला ढिगातून उचललं.

"घे, पण नाही जमलं तर संध्याकाळी भंगारवाला येतोय," सर म्हणाले. माझा जीव टांगणीला लागला.

तिने जाळ्याचा दोरा मुंबईवर धरला आणि किनाऱ्याकिनाऱ्याने नेला. अरबस्तान, मग आफ्रिका.

"अगं, विमान काय बोंबील पकडायला चाललंय, काठ धरून?" प्रणव म्हणाला. वर्ग खिदळला.

"आमची होडी अशीच जाते," ती पुटपुटली. पण जाळी विणणाऱ्या घरची पोर, सैल दोरा तिला बघवेना. तिने तो दोन्ही टोकांना खेचला. आणि मित्रांनो, दोरा आपोआप वर सरकला! रशिया, नॉर्वे, ग्रीनलँडचं टोक, थेट न्यूयॉर्क. तेवढाच दोरा चिमटीत पकडून तिने विषुववृत्तावर धरला. पृथ्वीच्या चाळीस हजारांच्या फेरीत तो तिसऱ्या हिश्शाहून जरा कमी भरला.

"साडेबारा हजार असेल, सर."

सरांनी पडद्यावर विमानाची माहिती उघडली. तेवढंच अंतर.

"पण जायला सोळा तास आणि यायला चौदा?" प्रणव अजून हटला नव्हता. "रस्ता तोच ना?"

"येताना वारा पाठीवर असतो. आमच्याकडं बारक्या पोरालाबी ठाऊक हाय."

या वेळी वर्ग प्रणवकडे बघून हसला, आणि प्रणवही हसला. भंगारवाला मोडके पंखे घेऊन गेला. मी एसटीत समिधाच्या मांडीवर बसून पालघरला गेलो.

तिथे माझ्याभोवती ही गर्दी! प्रदर्शन बघायला आलेल्या मासवण गावच्या गोजराबाईंनी सिंगापूरपर्यंत स्वतः दोरा ताणून पाहिला. त्यांचा नातू सुजित तिथे असतो.

"एवढंच? मंग फोन का करीत नाय मेला?"

पहिला नंबर समिधाला मिळाला. ती चषक घ्यायला गेली तेव्हा प्रणवने मला दोन्ही हातांनी जपून धरलं होतं.

तर मित्रांनो, जुनी वस्तू टाकायला काढलीत, तर तिच्यावरची धूळ आधी पुसा. मग तिला एक अवघड प्रश्न विचारा.