हुंकारदेवीची ओटी

तेलगावाबाहेर, बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या कोठारात दर मंगळवारी भरदुपारी देवी हुंकारायची, आणि तो हुंकार ऐकायला आजूबाजूची गावं ओस पडायची. ट्रॅक्टर, बैलगाड्या, एम-एटी, मिळेल त्या वाहनाने माणसं यायची. खिडक्यांना पोती लावून कोठारात अंधार केलेला असायचा. पुढे शेंदूर फासलेला दगडी तांदळा, त्याखाली मातीने लिंपलेला भलामोठा चौथरा, चौथऱ्याच्या दर्शनी अंगाला हाताचा पंजा जाईल एवढं गोल भोक आणि भोकापुढे एक समई.

हुंकार कानात शिरण्याआधी छातीत शिरायचा. बरगड्या थरथरायच्या, छपराचे पत्रे कुरकुरायचे. आवाज येतोय कुठून, हे कोणालाच सांगता यायचं नाही. कोणी म्हणे छपरातून, कोणी म्हणे पाताळातून. समईची ज्योत भोकातून वारं सुटल्यासारखी बाहेर झुकायची आणि बायका ‘देवीचा श्वास गं माय’ म्हणत जमिनीला कपाळ टेकायच्या.

आजही कोठार गच्च भरलं होतं. हुंकारनाथ महाराज चौथऱ्याशेजारी मांडी ठोकून बसले होते. दाढी काळीभोर, आवाज गुळासारखा.

“गावात लाइट हाय का?”

“न्हाई, महाराज!” गर्दी ओरडली. भारनियमनाची वेळच ती.

“वायर दिसती का कुठं?”

“न्हाई, महाराज!”

“मंग ज्याला ही मशीन वाटती, त्याच्या डोळ्यात माती!”

गर्दी खूश. मागच्या मंगळवारी ग्रामपंचायतीच्या शहादेवने ‘मशीनच हाय ही’ एवढंच म्हटलं होतं, तर भक्तांनी त्याला कोठाराबाहेर फरफटत नेलं होतं. त्याचा हात अजून गळ्यात बांधलेला होता.

हे ठाऊक असूनही कावेरी आज पहिल्यांदा आली होती. ती गावच्या शाळेत विज्ञान शिकवायची. तिच्याशेजारी तिची थोरली जाऊ गंगासागर, आणि दोघींच्या मध्ये गंगासागरची लेक रुचिका. रुचिकाला लहानपणापासून फेफरं यायचं. माजलगावच्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी ते आटोक्यात होतं. पण महाराजांनी सांगितलं, गोळी पोटात असली की देवीचा हुंकार अंगात शिरत नाही. झालं! परवापासून गंगासागरने गोळ्या बंद केल्या होत्या. आज सकाळी चहाचा कप पोरीच्या हातातून दोनदा निसटला, तेव्हापासून कावेरीने तिला नजरेआड होऊ दिलं नव्हतं.

“आक्का, घरी चला. अशा गोळ्या एकदम तोडू नयेत. पोरीच्या जिवावर बेतंल.”

“कावून अपशकुनी बोलतीस? आज हुंकार अंगात शिरला की पोरगी कायमची बरी होती. तुला तुझ्या पुस्तकाचं पडलंय.”

तेवढ्यात हुंकार सुरू झाला. खोटं कशाला बोला, कावेरीच्याही अंगावर सर्रकन काटा आला. एक क्षणभर तिलाही वाटलं, असेल का काही? पण तिची नजर समईवर गेली. ज्योत झुकत होती, पण श्वासासारखी एकसंध नाही. ती बारीक बारीक थरथरत झुकत होती.

ही थरथर तिने पाहिली होती, आणि तीही स्वतःच्या घरात. गावोगाव कॅसेटचे नवे डेक येऊ लागले, तेव्हा तिने आणि नवऱ्याने, केदारनाथने, मिळून स्पीकरची पेटी बनवली होती. पहिली पेटी पातळ फळीची, ती गाण्याबरोबर स्वतःच खडखडायची. मग जाड प्लायवूड घेतलं, आतून कापूस लावला. तरी ढोलक पोचट वाजायचं. शेवटी पेटीला नळीचं भोक पाडलं. त्या नळीतली हवा ठरावीक जाड सुरावर स्वतःच हेलकावे खाते, आणि ढोलकाला छाती येते. नळी किती लांब ठेवायची यावरून नवराबायकोत आठवडाभर जुंपली होती. भोकापुढे उदबत्ती धरली तर धूर असाच नाचायचा.

म्हणजे चौथरा ही पेटी होती! बारीक सुराचा छोटा स्पीकर त्यात मुद्दामच ठेवलेला नव्हता. बारीक सूर कुठून येतो ते कानाला लगेच कळतं. जाड सुराची दिशा कानाला पकडता येत नाही. सगळा आवाज फक्त त्या भोकातून येत होता.

पण सांगायचं कोणाला? तोंड उघडलं तर तिची गतही शहादेवसारखीच झाली असती.

इतक्यात हुंकार जरा हळू झाला आणि मंजुळाबाई पुढे झाली. ऊसतोडीला जाणाऱ्या टोळीतली ही वडीलधारी बाई. टोळ्या उद्या कारखान्याकडे निघायच्या होत्या, आणि निघण्याआधी देवीची ओटी भरल्याशिवाय या बायका गाव सोडत नाहीत. तिच्या हातात खण, नारळ, तांदूळ होते.

“ओटी ताटात ठेव, माय,” महाराज म्हणाले. “श्वासाजवळ कुणी जायाचं न्हाई.”

कावेरी ताडकन उठली. “मंजुळामावशी, ओटी ताटात भरतात का कधी?”

मंजुळाबाई थबकली. “न्हाई बाई. ओटी देवीच्या कुशीत घालायची असती.”

“मग तांदळ्याला कूस कुठं आहे? जिथून श्वास येतो, तीच कूस ना?”

“खरं हाय!” मागून सुंदरबाई म्हणाली. “आमी सहा महिने उसाच्या फडात, पोराबाळांसकट. देवीनं सवाशिणीची ओटी नाकारली, असं आमी जल्मात ऐकलं न्हाई.”

महाराजाच्या कपाळावर घाम आला. कुठून तरी बाहेरून आलेला हा माणूस. त्याने लाकडाचा, मातीचा, वायरीचा सगळा विचार केला होता. तेलगावच्या बायकांच्या ओटीचा केला नव्हता. नाही म्हणावं तर देवी खोटी पडते, हो म्हणावं तर भोक बुजतं.

त्याचं उत्तर येईपर्यंत बायका थांबल्या नाहीत. मंजुळाबाईने खण कोंबला, तांदूळ ओतले. तिच्यामागे सुंदरबाई, मग सगळी टोळी. खणावर खण भोकात ठासून बसले.

आणि हुंकार बसला. आतल्या आत काहीतरी धपधपलं, ज्योत सरळ उभी राहिली.

त्याच क्षणी रुचिका धाडकन खाली पडली. डोळे वर, हातपाय ताठ, मग झटके.

“देवी कोपली!” महाराज ओरडला. “ह्या मास्तरणीनं श्वास कोंडला! भोगा आता!”

“काय केलंस गं हे!” गंगासागरने कावेरीचे दंड धरून तिला गदागदा हलवलं. गर्दी उठली. कोणी चप्पल काढली, कोणी कांदा आणायला पळालं, एकजण पोरीच्या दातांत चमचा घालायला वाकला.

कावेरीने तो हात झटकला. “तोंडात काही घालू नका! मागं सरा, हवा येऊ द्या!” तिने रुचिकाला कुशीवर वळवलं, डोक्याखाली पदराची घडी सरकवली. आत्ता पोरीला काही झालं तर आपल्याला कोणी जिवंत सोडणार नाही, आणि त्याहून वाईट म्हणजे आक्का जन्मभर हेच खरं मानेल, हे तिला कळत होतं.

“जळकं काय वासतंय?” मंजुळाबाई म्हणाली.

आवाज का येत नाही म्हणून आतल्या कोणीतरी यंत्राचा कान पिळत आवाज वाढवत नेला होता. खणांच्या फटीतून धुराची रेघ निघाली.

“देवीच्या कुशीतून लाइटीचा वास कसा येतोय, महाराज?” मंजुळाबाईने खण उपसले आणि भोकात हात घातला. “आतून गुळगुळीत नळी हाय गं ही!”

मग पुरुषांना कोणी सांगावं लागलं नाही. माती खरवडली, खाली प्लायवूड निघालं. मागची भिंत ढकलली तर तीही फळीचीच. तिच्याआड ट्रकची बॅटरी, कॅसेटचा डेक आणि त्यामागे उकिडवा बसलेला महाराजाचा चेला बंकट, घामाने निथळलेला. पेटीत मधल्या फळीवर ताटाएवढा काळा स्पीकर, त्याची तारेची गुंडाळी जळालेली. महाराज दाराकडे सरकला, पण दारात गळ्यात हात बांधलेला शहादेव उभा होता.

रुचिकाचे झटके थांबले होते. तिने डोळे उघडले आणि क्षीण आवाजात ‘काकू’ म्हटलं. कावेरीला रडू कोसळलं.

“मारू नका त्याला, पोलिसांना बोलवा,” ती डोळे पुसत म्हणाली. मग तिने भोक, नळी, बॅटरी, सगळं एकेक करून लोकांना दाखवलं.

“मंग बाई, देवी न्हाईच का?” मंजुळाबाईने विचारलं.

“ते तुमचं तुम्ही ठरवा, मावशी. मी एवढंच म्हणते, कोणी औषध बंद करा म्हणाला, तर त्याच्या भिंतीमागं काय आहे ते आधी बघा. बघू देत नसेल, तर तिथंच समजा. विचारल्यानं देव रागावत नसतो. रागावतो तो माणूस, ज्याला लपवायचं असतं.”

संध्याकाळी माजलगावच्या दवाखान्यात रुचिका झोपली होती. डॉक्टरांनी गोळ्या पुन्हा सुरू केल्या, औषधांचा कागद पुढे केला. गंगासागरने तो घेतला, पण ती उठली नाही. आजवर ती डॉक्टरांसमोर कधी बोलली नव्हती.

“डॉक्टरसाहेब,” ती म्हणाली, “ही गोळी पोटात जाऊन डोक्यातलं फेफरं कसं थांबवती? मला समजंल असं सांगा. समजल्याबिगर मी आता काहीच मानणार न्हाई.”

डॉक्टर थोडे चकित झाले. मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि सांगायला सुरुवात केली.