एकाच टिपरूचा ढोलवाला

मी एक जुना शिशाचा शिपाई आहे. शिपाई म्हटल्यावर तुम्ही बंदूक शोधू लागाल, म्हणून आधीच सांगून टाकतो मित्रांनो, माझ्याकडे बंदूक नाही. माझ्या पोटाशी ढोल आहे आणि हातात टिपरू. दोन असायला हवी होती, आहे एकच. उंचीला मी तुमच्या करंगळीएवढा. अंगात करडा ओव्हरकोट आणि त्याची कॉलर कानांपर्यंत वर केलेली. म्हणजे जन्मल्यापासून मी हिवाळ्यातच आहे म्हणा ना.

हार्झच्या डोंगरातल्या एका गावी, स्वयंपाकघरातल्या शेगडीवर मी जन्मलो. दुसरं महायुद्ध संपून काही वर्षं झाली होती. आल्विन नावाचा एक माणूस कैदेतून सुटून, पायी वाट तुडवत, ऐन बर्फात घरी परतला होता. त्याच्या पायाची दोन बोटं थंडीने नेली होती. तो फारसा बोलत नसे. पुढचा नाताळ आला तेव्हा मुलाला द्यायला घरात काहीच नव्हतं. मग त्याने पाण्याच्या जुन्या नळाचा शिशाचा तुकडा पळीत वितळवला आणि आपल्या लहानपणीच्या लोखंडी साच्यात ओतला. साचा पुरेसा तापलेला नव्हता. शिसं डाव्या हातापर्यंत पोचायच्या आतच थिजलं आणि माझं एक टिपरू जन्माआधीच गेलं.

"हा फसला. परत वितळवतो," आल्विन म्हणाला.

त्याचा मुलगा एगोन टेबलाला नाक टेकवून बघत होता. तो म्हणाला, "नको बाबा. एका हातानेही वाजवता येतं."

त्या एका वाक्यावर मी आजवर जगलो आहे.

माझ्यामागून बाकीचे आले. कंदील धरलेला हवालदार, पाठीवर पोतं घेतलेले दोघे, काठी टेकत चालणारा एक, आणि आणखी बरेच. नाताळच्या बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता, झाकणावर चर्चचं चित्र असलेला. त्यात आम्ही कापसात झोपायचो. डब्याचं झाकण वाकडं होतं, नीट बसतच नसे. ही गोष्ट लक्षात ठेवा.

एगोन मोठा झाला, गावातून डोंगरावर जाणाऱ्या बसचा चालक झाला, रोसविताशी त्याचं लग्न झालं. आम्ही डब्यासकट त्याच्याबरोबर नव्या घरात गेलो. शेजाऱ्यांना वाटलं, आता हा खेळणी सोडेल. त्याने उलट कॅमेरा घेतला.

आमचे फोटो काढायचे तर बर्फ हवा, आणि बर्फाने त्याच्या नाकी नऊ आणले. बाहेरचा खरा बर्फ आमच्या मापाला चालत नाही. त्याचा एकेक कण आमच्या शेजारी दगडाएवढा दिसतो, आणि दिव्याखाली पाणी होतं ते वेगळंच. मग त्याने पीठ पसरून पाहिलं, तर उंदीर आले. मीठ पसरलं, तर आमच्या बुटांचा रंग उडाला. शेवटी खायचा सोडा चाळणीतून भुरभुरला आणि जमलं. बस चालवताना वळणावर बर्फ कुठे साचतो, कुंपणाच्या कोणत्या अंगाला उंच होतो, हे तो डोळ्यांत साठवून आणायचा आणि घरी आल्यावर तसाच पसरायचा. सुकलेल्या शेवाळाची झुडपं, काडेपेट्यांची कुंपणं. रस्त्यावर आमच्या पावलांचे ठसेसुद्धा उमटवायचा, टाचणीच्या डोक्याने, एकेक करून.

आमच्या डोळ्यांच्या उंचीवरून बघायचं म्हणून तो जमिनीवर पालथा पडे. रोसविता दारातून म्हणायची, "शिपाई उभे आणि सेनापती आडवा. उठ रे, कंबर धरेल. आणि जेवायच्या आधी हात धू, ते शिसं आहे."

त्याच्या फोटोत लढाई कधीच नसे. आम्ही नेहमी चालत असू. पुढे कंदीलवाला हवालदार, मागे मी, मग बाकीचे. वाकून, कॉलर वर करून, घराकडे निघालेले. पण घर मात्र कधी दिसायचं नाही. दरवर्षी एक फोटो नाताळचं कार्ड होऊन नातेवाइकांकडे जाई. पाववालीने तर तो गल्ल्याशेजारी लावला होता, आणि लोक पाव घेता घेता माझ्याकडे बोट दाखवायचे. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

रोसविता दरवर्षी कार्ड हातात घेऊन एकच विचारायची, "ही पोरं घरी कधी पोचणार, एगोन?"

"उजेड बरोबर पडत नाही अजून," तो सांगायचा. इतक्या वर्षांत त्याला उजेड सापडला नाही, हे मलाही नवलच वाटे.

एगोन निवृत्त झाला तेव्हा रोसविताने त्याला भेट दिली. तिच्या वडिलांचं ओकचं भलंमोठं कपाट होतं. ते तिने सुताराकडून कापून घेतलं आणि आमच्यासाठी काचेच्या दारांची शोकेस करवली. दारांच्या कडांना रबराची पट्टी. "धुळीचा कण आत शिरला तर माझं नाव बदल," ती म्हणाली. एगोनचे डोळे भरून आले. आपल्या बापाचं कपाट तिने त्याच्या बापाच्या शिपायांना दिलं होतं.

आम्ही रुबाबात उभे राहिलो. पाहुणे आले की आधी आमच्याकडे वळायचे. डब्यातल्या अंधारानंतर हे ऐश्वर्य होतं, आणि माझी मान जरा ताठ झाली असेल तर मला क्षमा करा. दार मात्र क्वचितच उघडायचं. धूळ नको म्हणून फोटोसुद्धा कमी झाले.

मग मला खाज सुटल्यासारखं झालं. ढोलाच्या खाचेत, कॉलरखाली, एक पांढरी भुकटी दिसू लागली. एगोनने भिंग लावून पाहिलं आणि हसला. "सोडा राहिलाय कोपऱ्यात." त्याने मऊ ब्रशने ती झटकली आणि दार घट्ट लावलं. मित्रांनो, तो सोडा नव्हता. तो मी होतो. माझंच अंग भुकटी होऊन गळत होतं, आणि ज्या माणसाने मला जीव की प्राण मानलं तोच ते ब्रशने झटकत होता. आयुष्यभर आम्हाला पांढऱ्या बर्फात उभं करणाऱ्याला पांढऱ्या रंगाचा संशय तरी कसा यावा? दर महिन्याला तो झटके, दर महिन्याला ती परत येई. माझे ओठ गेले, मग गालांना खड्डे पडले. कंदीलवाल्या हवालदाराचे पाय तर काडीसारखे झाले. मला बोलता येत नाही हे दुःख मला आयुष्यात तेव्हाच कळलं.

एके दिवशी गोस्लारहून फोल्कमार आला. हा एगोनचा जुना दोस्त. यालाही शिपायांचा नाद, पण जिभेला हाड नाही. कॉफी व्हायच्या आधीच त्याने शोकेसचं दार उघडलं, आत नाक खुपसलं आणि म्हणाला, "यात लोणच्याची बरणी ठेवली होती का रे?"

"ओकचं आहे. त्याला वास असतोच."

"आंबट वास. आणि ही भुकटी?"

"सोडा. शिल्लक राहतो."

फोल्कमारने बशीत पाणी घेतलं, माझ्या कॉलरमधली चिमूटभर भुकटी त्यात टाकली आणि चमच्याने ढवळली. दोघे वाकून बघत राहिले. सोडा असता तर विरघळला असता. भुकटी तळाशी जाऊन बसली.

"ओकमधून आंबट वाफ निघते एगोन, आणि ती शिशाला खाते," फोल्कमार हळू आवाजात म्हणाला. "उघड्यावर ठेवलं असतंस तर वाफ उडून गेली असती. तू तर आत कोंडलीस. आज बाहेर काढ त्यांना. आजच."

त्याच वेळी रोसविता केक घेऊन आत आली. "काय म्हणतोय माझा महाल?" तिने विचारलं.

"झकास," एगोन म्हणाला. फोल्कमारने केकचा मोठा घास तोंडात कोंबला, बोलावं लागू नये म्हणून.

हिमवादळात भरलेली बस डोंगरावरून उतरवणारा हा माणूस, पण बायकोपुढे त्याच्या तोंडाला कुलूप लागलं. तिच्या वडिलांचं कपाट, तिची भेट. तिने जीव लावून केलेली गोष्ट आम्हाला मारते आहे, हे तिला कोणत्या तोंडाने सांगायचं? त्याने दुसरी वाट काढली. नवा देखावा मांडतोय असं सांगून तो आम्हाला खिडकीत आणून ठेवी. मला वाटे, रोसविता त्याला विसरभोळा समजते. ती फडक्याने आमची धूळ पुसे, एकेकाला उचलून शोकेसमध्ये नेऊन ठेवी, आणि दार लावताना म्हणे, "जा रे पोरांनो, गारठाल." सकाळी त्याने काढायचं, संध्याकाळी तिने ठेवायचं. दोघांच्या मायेत आमचा जीव जात होता.

नाताळ आठवड्यावर आला असताना, तिने हवालदाराला उचललं आणि तो घोट्यापासून तुटला. दोन पाय खिडकीतच राहिले. रोसविता किती तरी वेळ तळहातावरचा हवालदार पाहत उभी होती.

एगोन आत आला. ती त्याच्याकडे न बघताच म्हणाली, "रोज तू यांना बाहेर काढतोस. मला वाटलं, तुला माझं कपाट आवडलं नाही आणि तसं सांगवत नाही."

"कपाट मला फार आवडतं."

"मग काय आहे ते सांग, एगोन. मी काही काचेची नाही."

त्याने सांगितलं. वाफ, शिसं, बशीतली भुकटी, सगळं. ती ऐकून उठली, स्वयंपाकघरात गेली आणि धुतलेलेच कप पुन्हा धुऊ लागली. एगोन मागोमाग जाऊन दारात उभा राहिला.

"फोल्कमारला कळून किती दिवस झाले?" तिने विचारलं.

"पानं गळायला लागली तेव्हापासून."

"आणि तेव्हापासून रोज संध्याकाळी मी त्यांना आत कोंडत होते. तुझ्या देखत." तिने नळ बंद केला. "माझं मन दुखू नये म्हणून तू तुझ्या बाबांचे शिपाई मरू दिलेस? बावळट आहेस तू. आणि मीही, नुसती पुसत बसले."

मग तिने फळीवरून पत्र्याचा डबा काढला. आम्ही शोकेसमध्ये गेल्यावर तिने त्यात बटणं ठेवली होती. तिने ती टेबलावर ओतली, डब्यात नवा कापूस घातला आणि त्यात पहिल्यांदा मला ठेवलं. झाकण अजून तसंच वाकडं होतं, वारा आत-बाहेर जाऊ देणारं. इतकी वर्षं त्यानेच आम्हाला जपलं होतं आणि कोणी त्याचं कौतुक केलं नव्हतं, आम्हीसुद्धा. शोकेसमध्ये आता तिच्या जॅमच्या बरण्या आहेत. "जॅमला आंबटाचं काय कौतुक," ती म्हणते.

हवालदार वाचला नाही. बाकीच्यांना एगोनने हळुवार साफ करून पातळ रोगण लावलं. माझे ओठ परत आले नाहीत, गालाचे खड्डे तसेच आहेत. पण टिपरू शाबूत आहे.

नाताळच्या आदल्या दुपारी एगोन देखावा मांडायला बसला. बर्फ चाळून झाला. आम्ही रस्त्यावर उभे राहिलो, पुढे मोकळी जागा ठेवून. तिथे हवालदार असायचा. रोसविता बटाट्याच्या सॅलडचे हात पुसत आली आणि त्याच्या शेजारी जमिनीवर बसली, गुडघे कुरकुरले तरी.

"आता कंदीलही नाही यांच्याकडे," ती म्हणाली. "एगोन, घर का नाही बांधत तू? आणि उजेडाचं सांगू नकोस."

तो बराच वेळ कुंपणाच्या काड्या नीट करत राहिला.

"बाबा आले ना, तेव्हा दार मी उघडलं होतं," तो म्हणाला. "दाढीवाला, वाळलेला माणूस. मी ओळखलंच नाही. घाबरलो आणि त्यांच्या तोंडावर दार लावून घेतलं. आई येईपर्यंत ते बर्फात उभे होते. त्यावरून ते मला कधी एक शब्द बोलले नाहीत. नाताळला हे शिपाई मात्र दिले."

रोसविताने त्याच्या पाठीवर हात ठेवला. मग ती उठून चहाचं रिकामं खोकं घेऊन आली. पुठ्ठ्याचं होतं ते; तरी तिने आधी वास घेऊन पाहिला, आणि दोघांनाही हसू आलं. तिने कात्रीने खिडकी कापली, झाडावरच्या माळेतला एक पिवळा दिवा मागून आत घातला. दार कापताना तिने तीनच बाजू कापल्या आणि चौथीवर ते बाहेर दुमडलं.

"हे असंच उघडं राहील," ती म्हणाली.

एगोन पालथा झाला, कॅमेऱ्याला डोळा लावला, आणि पुन्हा उठला. त्याने मला दोन बोटांत धरलं आणि हवालदाराच्या जागी, सगळ्यांच्या पुढे, उंबऱ्याशी ठेवलं. दाराचा पिवळा उजेड माझ्या खड्ड्यांच्या गालावर पडला.

"आता बरोबर पडला," एगोन म्हणाला.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. ज्यांना तुम्ही जपता त्यांना घट्ट दारांमागे ठेवून निर्धास्त होऊ नका. मधून मधून दार उघडा, त्यांना हातात घ्या, कुठे काही झडतंय का ते नीट बघा. आणि दिसलं तर आपल्या माणसाला सांगा, त्याचं मन दुखेल अशी भीती वाटली तरी सांगा. आमच्या हवालदारापर्यंत ते सांगणं उशिरा पोचलं. मी मात्र पोचलो. यंदाचं कार्ड पाववालीच्या गल्ल्याशेजारी आहे. त्यात दार उघडं आहे, आणि दारात एका टिपरूचा ढोलवाला उभा आहे, आत यायला.