दुसरा दोर

भरलेलं जहाज पोट लपवतं. रिकाम्याचं लाल पोट पाण्यावर दिसतं, भरलेल्याचं बुडालेलं असतं. हे मला शाळेत नाही शिकवलं. शाळा सोडून मामाच्या बोटीवर उभी राहिले तेव्हा दिसायला लागलं.

त्या सकाळी तेलाचं एक भलंमोठं जहाज आमच्या बंदरासमोरून गेलं. गच्च भरलेलं. आत वळलंच नाही.

"मामा, बघ. भरलेलं आहे."

"असू दे."

"असू दे काय? एजंट छत्री म्हणतो तेलच येत नाही. मग हे काय दूध घेऊन चाललंय?"

"टिटवे, तोंड मिट आणि दोर गुंडाळ."

मामा मला टिटवी म्हणतो. कुठे काही हललं की ओरडते म्हणून.

आमचं काम जहाजं बांधायचं. जहाज धक्क्याला लागतं तेव्हा वरून जाडजूड दोर खाली सोडतात. आम्ही बोटीतून तो दोर पाण्यातल्या खांबापर्यंत ओढत नेतो, तिथला माणूस तो आकड्यात अडकवतो. असे बारा-चौदा दोर. नियम असा की एका फेरीत एकच दोर. दोन घेतले तर बोट कलंडू शकते. आणि बोटी दोन: जहाजाच्या तोंडाशी आमची, शेपटाशी दुसऱ्या बोटवाल्याची, टकल्याची.

जहाजं कमी झाली तशी बंदराच्या मॅनेजर बाईंनी सांगून टाकलं, आता दोन बोटी परवडत नाहीत. पुढचं जहाज टकल्या एकटा बांधेल, त्याच्या पुढचं आम्ही. जो लवकर बांधेल तो राहील, दुसऱ्याने बोट घेऊन घरी जावं. मामाची बोट बंद झाली तर मामा कुठल्यातरी गेटवर शिट्टी वाजवत बसणार आणि आई मला परत दहावीला बसवणार. यातलं काहीही डोळ्यांसमोर आलं तरी माझं डोकं फिरायचं.

माझा संशय छत्रीवर होता. छत्री म्हणजे जहाजांचा एजंट, ऊन असो नसो, काखेत छत्री. कुठलं जहाज कधी येणार ते आधी त्याला कळतं, मग आम्हाला. तो रोज नवं कारण सांगायचा. आधी म्हणाला, तेलवाल्या देशांत उन्हाळा कडक आहे, एसी चालवायला तेल तिथेच जाळतायत. मग म्हणाला, त्यांनी स्वतःचे कारखाने काढलेत, कच्चं तेल विकण्यापेक्षा पेट्रोल करून विकतात. मग म्हणाला, आपल्या भागाला भाव चढा लावलाय, म्हणून आपल्याच कंपन्या कमी घेतायत. शाळा बुडवायची असली की मी एकच कारण द्यायचे, पोट दुखतंय. तीन कारणं देणारा हमखास पकडला जातो. हा नक्की आमची जहाजं पलीकडच्या बंदराला विकत होता.

दुपारी तडक त्याच्या ऑफिसात गेले.

"काका, कितीला विकलीत आमची जहाजं?"

तो चहा पीत होता. हलला पण नाही. "बस आधी."

"नाही बसत."

"अगं, मला जहाजं विकता आली असती तर माझ्या खुर्चीचा पाय विटेवर असता का?"

मी वाकून बघितलं. खरंच वीट होती. पण वीट काय, कोणीही ठेवेल.

त्याने कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. निळ्या समुद्रावर बारके बारके बाण. "हे तुझं सकाळचं. समुद्राच्या पार पलीकडे चाललंय."

"म्हणजे तेल आहे!"

"आहे ना. आपल्यासाठी नाही." त्याने खिडकीकडे बोट दाखवलं. टेकडीवर तेलाच्या गोल टाक्या होत्या. "त्यांची झाकणं तेलावर तरंगतात. तेल उतरलं की झाकण उतरतं, आत सावली पडते. वरून उपग्रहाने फोटो काढला की जगाला कळतं यांच्याकडे किती उरलंय. शिवाय आपल्याकडे दर बुधवारी आकडा जाहीर होतो. तो घसरला की सगळीकडे भाव चढतो. ते जहाज चाललंय तिथे कोणी कुणाला आकडे सांगत नाही. तिथे तेल कमी पाठवलं तर कळणार कुणाला? म्हणून भाव चढवायला तेलवाले देश जिथे मोजतात तिथेच कमी पाठवतात."

"मग आधीची तीन कारणं?"

"तीही खरी आहेत, थोडी थोडी. हे चौथं कोणी बोलून दाखवत नाही."

"आणि सगळे देश ऐकतात?"

"एकत्र बसून ठरवतात, मग एकमेकांवर डोळा ठेवतात. सगळ्यांनी हात आखडला तर सगळ्यांचा फायदा. एकाने गुपचूप जास्त विकलं तर त्या एकट्याचा."

मी जिना उतरले. अर्ध्यात थांबले. आमचंच डोकं ठिकाणावर नव्हतं, हे तिथे कळलं.

बाई काचेच्या खोलीत घड्याळ घेऊन बसतात. आणि गेले काही महिने मामा त्यांच्यासमोर शहाणपणा करत होता. आपलं टोक झटपट उरकायचं, एका फेरीत दोन-दोन दोर न्यायचे, वर टकल्याच्या टोकालाही हात मारायचा. टकल्या तेच करायचा. मी राहीन, मी राहीन करत दोघांनी मिळून बाईंना दाखवून दिलं होतं की एक बोट पुरते!

मामाला सांगितलं. त्याने इंजिन पुसायचा फडका खाली ठेवला.

"म्हणजे आपण हळू बांधायचं?"

"हळू नाही. नियमाने. एका फेरीत एक दोर. दोघांनीही. मग बघू दे बाईंना एका बोटीने किती वेळ लागतो."

"आणि टकल्याने दोन घेतले तर?"

"तर आपण मेलो."

"मग?"

"मग काय, त्याच्याशी बोल."

मामा त्याच्याशी सहा महिने बोलला नव्हता. डिझेलच्या पिंपांमागे दोघं भेटले, लग्नाची बोलणी फिसकटलेल्या व्याह्यांसारखे. टकल्या हसला. "पोरीची आयडिया काय? माझी पाळी आधी म्हणून? मी हळू बांधायचं, मग तुम्ही सुसाट?"

"शब्द देतो," मामा म्हणाला.

"तुझे शब्द म्हणजे पावसाळ्यातली वाळवणं, भरवसा नाही." पण त्याने हात पुढे केला.

टकल्याच्या जहाजाच्या दिवशी मी धक्क्यावर पालथी पडून बघत होते. डोळ्याची पापणी नाही लवू दिली. आता घेईल दुसरा, आता घेईल. त्याने एक दोर घेतला, खांबाला गेला, रिकामा परत आला. परत एक. जहाज अर्धवट बांधलेलं हेलकावत राहिलं, टग बोटी त्याला दाबून धरून दमल्या, जहाज बंदरात आणणारा पायलट वरून शिव्या घालत होता. टकल्याने एकदाही नियम मोडला नाही. मला उलट जास्तच भीती वाटली. एवढा सरळ माणूस मी बघितला नव्हता.

मग आमचं जहाज आलं.

पहिले चार दोर नियमाने गेले. पाचव्याला मामाने वर बघून दोन बोटं दाखवली. जहाजावरच्यांनी दोन दोर सोडले.

"मामा!"

"चूप. तो हळू गेला ना? झालं. आता बोट आपली."

"तू शब्द दिलायस."

"टकल्याला दिलाय. आकडीने ओढ तो दुसरा, लवकर."

इतके दिवस मी टकल्याकडे बघत होते, छत्रीकडे बघत होते, समुद्रातल्या जहाजांकडे बघत होते. माझ्या पाठीमागे सुकाणूवर कोण उभं आहे ते बघायचंच राहिलं होतं. डोक्यात सणक गेली. दुसऱ्या दोराचं तोंड माझ्या लांब काठीच्या आकडीत आलं होतं. मी आकडीच सोडून दिली. दोर आकडीसकट पाण्यात धपकन पडला आणि मामा जे बोलला ते आईला सांगता येणार नाही.

"काढ आता दुसरी आकडी," मी म्हटलं. "आणि एकच दोर मागव. नाहीतर मी पण उडी मारते."

मारली असती. मामाला माहीत होतं.

जहाज बांधून झालं तेव्हा बाई पहिल्यांदाच काचेच्या खोलीतून बाहेर आल्या होत्या. पायलट त्यांच्यावर ओरडत होता, पुढच्या वेळी एकच बोट असेल तर जहाज आत आणणार नाही म्हणून. बाईंनी आमच्याकडे बघितलं, मग टकल्याकडे, मग पुन्हा आमच्याकडे. त्यांना कसला तरी वास आला होता. पण त्या एवढंच म्हणाल्या, "दोन्ही बोटी राहतील. सध्या."

धक्क्यावरून सगळं बघत असलेला टकल्या खाली आला. "दुसरा दोर पाण्यात कसा गं पडला?"

"निसटला."

"आकडीसकट?"

"ओली होती."

त्याने मामाकडे बघितलं. मामा दोर गुंडाळत होता, ते माझं काम होतं.

तेवढ्यात छत्री धापा टाकत आला. "पुढच्या आठवड्यात दोन जहाजं जास्तीची! भरलेली! तेलवाल्या देशांचं ठरलं होतं कमी पाठवायचं, एकाने गुपचूप सोडली."

"एकाने दुसरा दोर घेतला म्हणा," टकल्या म्हणाला. छत्रीला काही कळलं नाही.

मामाला कळलं. त्याने मान वर केली नाही.